रडायची जागा

परीक्षांचा मोसम आला की मला आमच्या भागाचा राग येतो. उन्हावर माझा राग नाही. ऊन बिचारं दरवर्षी तसंच असतं. माझा राग आहे तो रस्त्याकडेच्या खांबांवर. नांदेडहून एसटीनं लातूरला निघालं की चाकूरच्या अलीकडेच ते सुरू होतात, आणि प्रत्येक खांबावरच्या फलकात एक पोर हसत असतं. लातुरात शिरेपर्यंत खांब कमी आणि पोरं जास्त होतात. ज्या पोरीनं अजून कॉलेजची पायरी चढलेली नाही, तिच्या गळ्यात कॉम्प्युटरवर चिकटवलेला स्टेथोस्कोप असतो. खाली आईबापांची नावं, त्याखाली क्लासचं नाव आणि सगळ्यांत मोठ्या अक्षरांत सरांचं. सर स्वतः हाताची घडी घालून कोपऱ्यात उभे. जणू त्या पोरीला त्यांनीच जन्म दिला आहे.

या दिवसांत क्लासच्या भागातल्या गल्ल्यांमध्ये आयांचं राज्य असतं. नवऱ्याला गावी ठेवून, खोली भाड्यानं घेऊन या बाया दोन-दोन वर्षं लेकींना राखत बसतात. संध्याकाळी जिन्यावर त्यांची बैठक भरते. कुणी टीव्ही बंद केलाय, कुणी लग्नकार्यं सोडलीत, कुणी भाच्याच्या मुंजीला गेली नाही. "आम्ही पोरीसाठी एवढं सोडलं," असं त्या पोरीच्याच समोर म्हणतात. ती पोरगी ताटात मान घालून वरणभात गिळत असते. त्या भाताबरोबर तिच्या पोटात काय काय जातं, याचा हिशेब कुठल्याच सराव परीक्षेत नाही.

मी नांदेडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पण विज्ञानाच्या बाईंना कामं कमी असतात असा मुख्याध्यापकांचा समज असल्यामुळे निबंध स्पर्धाही माझ्याच गळ्यात पडते. विषय ठरलेला, 'माझ्या आईने दिलेले संस्कार'. साठ निबंधांत साठ वेळा आई पहाटे उठते, देवापुढे दिवा लावते, कधीही रागावत नाही आणि खरं बोलायला शिकवते. हे साठही निबंध त्या आयांनीच लिहून दिलेले असतात. मी लाल पेनानं अनुस्वार दुरुस्त करते आणि तिघींना बक्षीस देते. मग मुख्याध्यापक संस्कारांवर पाऊण तास बोलतात. पहिल्या रांगेतल्या आया रुमालानं डोळे टिपतात आणि मी पंख्याकडं बघत बसते.

माझी आई या साठातल्या एकाही निबंधात बसली नसती. तिचं नाव गिरजा. मी तिला माय म्हणते. तिनं मला काय दिलं असं कुणी विचारलंच, तर मी सांगेन, नाक मुरडणं. ज्या गोष्टीला जग माना डोलावतं तिच्याकडं बघून नाकातून 'हं' असा एक आवाज काढायचा आणि आपल्या कामाला लागायचं. हा आवाज तिनं मला दिला. दागिने द्यायला तिच्याकडं नव्हतेच.

हे मला कळलं ते माझ्या दहावीच्या परीक्षेच्या मोसमात. खरं तर तेव्हाही कळलं नाही. तेव्हा फक्त संताप आला होता.

आमचं गाव औशाच्या पलीकडं, किल्लारीच्या बाजूला. भूकंपात घर गेलं, माझे वडील, अण्णा गेले आणि माझी धाकटी बहीण नंदा गेली. नंदा नऊ वर्षांची होती. मी आणि माय वाचलो, कारण आम्ही दोघी गावात नव्हतोच. रेणापूरला मामी बाळंत झाली होती आणि माय तिच्या मदतीला मला घेऊन गेली होती. नंदालाही नेणार होती. पण गावातल्या गणपतीचं विसर्जन बघायचं म्हणून ती हटून बसली आणि माय म्हणाली, "ऱ्हाऊ दे मग." वाचण्यामागं आमची हुशारी नव्हती, की कुणाचा त्याग नव्हता. तीन शब्दांत सगळं ठरलं होतं.

मग पत्र्याच्या शेडी आल्या. एका रांगेत वीस-वीस खोल्या. हिवाळ्यात पत्रे बर्फासारखे व्हायचे आणि मार्च लागताच तव्यासारखे. मी ओली चादर अंगावर घेऊन भूमितीची प्रमेयं पाठ करायची. चादर अर्ध्या तासात वाळायची, प्रमेय त्याहून लवकर उडून जायचं. मदतीच्या कपड्यांच्या ढिगात टाय निघाले होते, उंच टाचांचे बूट निघाले होते, एक जरीचा कोटही निघाला होता. रांगेतल्या बायका तो कोट हातात धरून हसल्या होत्या. भूकंपानंतर मी ऐकलेलं ते पहिलं हसणं. माय मात्र त्या ढिगाकडं गेली नाही. "आपली दोन लुगडी हायेत. धुऊन नेसू," म्हणाली. शेजारणी तिला ताठ म्हणायच्या. मीही मनातून तेच म्हणायची.

कपड्यांच्या मागोमाग माणसं आली. शहरातल्या कुठल्याशा मंडळाच्या एक ताई होत्या. गोऱ्या, सुती साडीतल्या, डोळ्यांवर काळ्या काड्यांचा चष्मा. त्या माणसांच्या डोळ्यांत बघून बोलायच्या आणि बोलताना आपला हात धरून ठेवायच्या. मला त्या फार आवडल्या. शाळेत माझा पहिला नंबर असायचा हे त्यांना कळलं. त्यांनी मला पुण्याला न्यायचं ठरवलं. तिथं मुलींचं वसतिगृह, पुढं चांगलं कॉलेज. "तू डॉक्टर होशील," त्या म्हणाल्या. मला असं त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं.

फक्त एक छोटीशी गोष्ट होती. बीजगणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी, रविवारी, किल्लारीला कार्यक्रम होता. देणगी देणारी मंडळी मुंबई-पुण्याहून येणार होती. मला पाच मिनिटं बोलायचं होतं. भाषण ताईंनीच लिहून आणलं. दोन कागद, सुवाच्य अक्षर. एके ठिकाणी कंसात लिहिलं होतं, 'इथे थांबावे.'

"नंदाचं नाव आलं की थोडं थांब," ताईंनी समजावलं. "रडू आलं तर येऊ दे. नाही आलं तरी मान खाली घाल. घाई करू नको."

मी शेडमागं, बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत उभी राहून सराव केला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात कागद लपवला होता. 'आईने मला पोटाशी धरले म्हणून मी वाचले. माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत तिचा हात पोहोचला नाही.' मग थांबायचं. पहिल्यांदा मला लाज वाटली. पाचव्यांदा वाटेनाशी झाली. दहाव्यांदा खरंच डोळ्यांत पाणी आलं, आणि मला आनंद झाला, जमलं म्हणून. पंधरा वर्षांच्या पोरीला ते जमणं म्हणजे काय, हे मी आज वर्गात पंधरा वर्षांच्या पोरींकडं बघते तेव्हा कळतं. तेव्हा मी स्वतःवर खूश होते.

पत्र्याच्या पलीकडं माय भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. ती पिठाच्या हातानंच बाहेर आली.

"मी तुला पोटाशी धरलं?" तिनं विचारलं.

मी कागद घाईनं पुस्तकात सारला.

"आपण रेणापूरला होतो. मामीच्या खोलीत. तू चुलीपाशी झोपली व्हतीस. मी कुणाला पोटाशी धरलं?"

"भाषणात तसं लिहावं लागतं," मी म्हटलं. "ताई म्हणल्या, लोकांना कळत न्हाई त्याबगर."

"अन् नंदीचं नाव आल्यावर गप्प कामून बसायलीस?"

"तिथं थांबायचं असतंय."

मायनं कागद मागितला. तिला वाचता येत नव्हतं. तरी तिनं तो दोन्ही बाजूंनी बघितला, पिठाची बोटं त्यावर उमटली, आणि नाकातून तो आवाज काढून तिनं तो मला परत दिला. फाडला नाही. फाडला असता तर मला भांडता आलं असतं.

रविवारी मंडळाची जीप आली तेव्हा माय माझ्याआधी तिच्यात बसली. किल्लारीच्या शाळेच्या मैदानात मांडव होता, खुर्च्या होत्या, पाहुण्यांसाठी थंड सरबत होतं. ताई लगबगीनं पुढं आल्या आणि त्यांनी मायचा हात धरला. मायनं तो हळूच सोडवून घेतला.

"पोरगी भाषण न्हाई करणार," माय म्हणाली.

"गिरजाबाई, तुमच्या मुलीचंच भलं होतंय यात."

"करा की भलं. पहिल्या नंबरची पोरगी हाय. शिकवा तिला. भाषण कशाला पायजे?"

"मदत कुणाला जातेय, हे लोकांना कळायला हवं ना?"

"कळू द्या. नाव सांगा, मार्क सांगा. मेलेल्या लेकराच्या नावावर तिला रडायला लावू नका. अन् खोटं तर मुळीच सांगू नका."

ताईंचा चेहरा दुखावला गेला. तो खराच दुखावला होता, त्या वाईट नव्हत्या. "बोललं की मन हलकं होतं, बाई," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही बोला की तुमच्या मनातलं. आम्ही बसतो ऐकत."

ताईंनी त्यांच्या मनातलं काही सांगितलं नाही. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या गावची एक मुलगी उभी होती, तिला त्यांनी बोलावून घेतलं. तिच्याही हातात दोन कागद होते. पुण्याला ती गेली. आम्ही दोघी उन्हातून तीन मैल चालत शेडवर आलो. वाटेत मायनं मला विचारलं, "उद्या कसला पेपर हाय?" त्यावर मी जे बोलले ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी म्हटलं, "नंदीला मागं ठेवून आलीस. आता मला बी मागं ठेवायलीस."

मायनं माझ्याकडं बघितलं नाही. पदर डोक्यावर ओढून घेतला आणि चालत राहिली. घरी आल्यावर तिनं चूल पेटवली. दुसऱ्या दिवशी मी पेपराला निघाले तेव्हा दही-भाकरी बांधून ठेवलेली होती. ना शिवी, ना रडणं. फक्त त्या दिवसापासून नंदाचं नाव आमच्या दोघींमध्ये पुन्हा कधी निघालं नाही. तीस वर्षं. अण्णांच्या गोष्टी निघायच्या, गावाच्या निघायच्या, अगदी म्हशीच्यासुद्धा. नंदाची नाही. मला वाटायचं, मायचं काळीजच तसलं आहे, कोरडं.

पुढं आम्ही लातूरला आलो. क्लासचं पीक तेव्हा नुकतं उगवत होतं आणि पोरींची वसतिगृहं गल्लोगल्ली निघत होती. एका वसतिगृहात माय स्वयंपाकाला लागली. मालक रोज प्रार्थनेनंतर संस्कारांवर बोलायचा आणि दुपारी मायला सांगायचा, डाळ पातळ कर. माय डाळ पातळ करायची नाही. दोनदा काढलं, दोनदा परत बोलावलं, कारण पोरी जेवेनाशा झाल्या. डॉक्टरकी माझी थोड्या मार्कांनी हुकली. त्या थोड्या मार्कांसाठी मी वीस वर्षं मायला जबाबदार धरलं. पुण्याला असते तर, असं म्हणत राहिले. तोंडानं नाही, वागण्यानं. नांदेडला लग्न झालं, शाळा मिळाली. दिवाळीला तिला साडी पाठवायची, फोनवर तब्येत विचारायची, झालं.

माझी मुलगी पूर्वा अकरावीला गेली तेव्हा मात्र मला मायची आठवण झाली. कारण मायची खोली क्लासच्या भागात होती. मी त्या जिन्यावरच्या बायांना एवढी हसते, पण माझी पोरगीही मी त्याच गल्लीत नेऊन सोडली. दोन वर्षं पूर्वा आजीकडं राहिली. दर रविवारी मी फोनवर तिचे मार्क विचारायची. आणखी काही विचारलं असेल तर मला आठवत नाही.

या वर्षी निकाल लागला. पूर्वाला चांगले मार्क पडले, सरकारी कॉलेजात जागा मिळेल असे. दुसऱ्याच दिवशी क्लासच्या सरांचा फोन आला. आवाजात मध होता.

"मॅडम, पूर्वाच्या आजी भूकंपग्रस्त आहेत म्हणे? अहो, हे आधी नाही का सांगायचं! ढिगाऱ्यातून डॉक्टरकीपर्यंत. काय स्टोरी आहे! आपण व्हिडिओ करू, प्रत्येक चौकात बोर्ड लावू. आजी ढिगाऱ्याखाली किती वेळ होत्या?"

इथं माझ्या नाकातून तो आवाज यायला हवा होता. दुसऱ्यांच्या बाबतीत तो किती सहज येतो! पण सरांनी 'प्रत्येक चौकात' म्हटलं, आणि माझ्या डोळ्यांपुढं आमच्या शाळेतल्या बाया आल्या, मुख्याध्यापक आले, आणि कुठंतरी खोलवर त्या काळ्या चष्म्याच्या ताईही आल्या. मी म्हटलं, "नेमका वेळ माहीत नाही. बरेच तास म्हणा." एवढ्यावर न थांबता, "माझी धाकटी बहीणही गेली त्यात," असं आपणहून जोडलं. नावही सांगितलं. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला ते दहा वेळा सराव न करताच जमलं.

शनिवारी दुपारी सरांची माणसं कॅमेरा घेऊन मायच्या खोलीवर येणार होती. मी सकाळीच पोचले. सरांनी मोबाइलवर पाठवलेला मजकूर पूर्वाला दिला, तिनं पाठ करावा म्हणून. ती खिडकीत उभी राहून वाचत होती. माय लसूण सोलत होती.

"आजी कुठं होती ढिगाऱ्यात?" पूर्वानं विचारलं. "आजी तर रेणापूरला होती. तू पण."

"तुला कुणी सांगितलं?"

"आजीनं. नंदामावशीचं पण सगळं सांगितलंय."

"कधी?"

"क्लासहून आल्यावर, जेवताना. दोन वर्षं सांगायलीय." पूर्वाची भाषा आजीची झाली होती, हेही मला त्या दिवशीच ऐकू आलं. "नंदामावशीला कोणती भाजी आवडत नव्हती, सांग बरं."

नऊ वर्षं मी तिच्या शेजारी जेवले होते आणि मला आठवेना. पूर्वाला माहीत होतं.

"तू त्यांना तिचं नाव का दिलंस आई?" पूर्वानं विचारलं. मी काहीतरी बोलू लागले. प्रेरणा, इतर मुली, आजीचा सन्मान. बोलता बोलता माझ्या कानांना माझाच आवाज ऐकू आला, आणि तो हुबेहूब आमच्या मुख्याध्यापकांचा होता. पूर्वानं नाकातून 'हं' केलं. मोबाइल माझ्या हातात दिला आणि आजीपुढं बसून तीही लसूण सोलू लागली. मायनं मान वर केली नाही. पण तिनं सगळं ऐकलं होतं. लसणाची पाकळी तिच्या बोटांत तशीच राहिली होती.

मी सरांना फोन केला. म्हटलं, कॅमेरा पाठवू नका. माझी आई ढिगाऱ्यात नव्हती. मी खोटं सांगितलं.

"अहो मॅडम, तेवढं कोण तपासतंय?" सर हसले. "प्रेरणा महत्त्वाची."

"पूर्वाचे मार्क लावायचे तर लावा. बाकी काही लावू नका."

"नुसत्या मार्कांना कोण विचारतो?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात चौकाचौकात दुसरीच एक पोरगी लागली, तिचे वडील अपंग होते. पूर्वाला नांदेडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. तिच्या गळ्यात सध्या फक्त ओळखपत्र आहे आणि तेही ती विसरते.

पण त्या शनिवारी फोन ठेवल्यावर मी मायच्या शेजारी जमिनीवर बसले. तीन मैलांच्या त्या रस्त्यावर मी जे बोलले होते ते तिला आठवतं का, असं विचारायचं होतं. शेवटी एवढंच म्हटलं, "माय, त्या दिवशी मी लई वंगाळ बोलले. माफ कर."

"माफी कशाला मागायलीस?" माय म्हणाली. "सत्कार हाय का कुणाचा, असं बोलायला?"

पूर्वा लसणाची फोलपटं गोळा करत होती.

"मला पण सांग," मी म्हटलं. "नंदीचं."

मायनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत तीस वर्षांची तुच्छता होती आणि मला ती मान्य होती. "तू विचारलंस का कधी?" ती म्हणाली. "पोरीनं आल्याबरोबर पहिल्या दिवशी विचारलं."

आणि मग तिनं सांगितलं. नंदीचं रेणापूरला न येणं सांगितलं, 'ऱ्हाऊ दे मग' हे तीन शब्द स्वतःच्या तोंडानं सांगितले, आणि त्याच्या आधीची नऊ वर्षंही सांगितली. काय सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही. वाचणाऱ्यांनी मान डोलवावी म्हणून तर मुळीच नाही. एका गोष्टीला मात्र आम्ही तिघी इतक्या मोठ्यानं हसलो की खालच्या खोलीत पुढच्या वर्षीच्या परीक्षेचा अभ्यास करणारी देगलूरची एक पोरगी जिना चढून वर आली. हातात पुस्तक, डोळ्यांखाली काळं.

"आजी, थोडं हळू हसा ना," ती म्हणाली. "माझी आई ओरडायलीय."

मायनं सोललेला लसूण बाजूला सारला आणि तिच्यासाठी सतरंजी ओढली.

"ते पुस्तक ठेव खाली," ती म्हणाली. "बस घटकाभर. तुला बी सांगते."